अडुळशाचे चार महिने

ताराबाई सोनटक्क्यांच्या चहाचं नाव झालं ते करोनाच्या वर्षी. त्याआधी तीसेक वर्षं त्या झाशीतच होत्या. पण कारखान्याच्या कॉलनीत होत्या तोवर त्या 'सोनटक्के साहब की मिसेस', आणि नवऱ्याच्या, श्यामसुंदररावांच्या, निवृत्तीनंतर ओरछा गेटजवळ घर बांधलं तेव्हापासून गल्लीतल्या बायकांसाठी 'मराठीवाली भाभी'. त्यांचं हिंदी लग्नानंतर शिकलेलं. बोलण्याच्या भरात 'आज दही बहुत आंबट हो गई' असं काहीतरी निघून जायचं आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. ताराबाईही हसायच्या. पण मग दोन दिवस त्या कोणाच्या ओट्यावर जायच्या नाहीत.

घर बेताचंच होतं, पण मागे वीस बाय तीस फुटांचा तुकडा मोकळा होता. जमीन मुरमाड, कुदळ मारली की ठिणगी उडावी अशी. श्यामसुंदररावांनी चिरगावच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या शेतातली दोन ट्रॉली माती आणून तिथे टाकली, आणि ताराबाईंनी त्यात एकेक लावायला घेतलं. गवती चहाचा गड्डा यवतमाळहून आला, ओल्या पोत्यात गुंडाळून, गाडीत सीटखाली ठेवून. तुळस, पुदिना, पानओवा गल्लीतूनच मिळाले. आलं सावलीला. मागच्या भिंतीलगत अडुळशाची रांग. मे महिन्यात लूचं भाजणारं वारं सुटलं की जुन्या साड्या बांबूंना बांधून सगळ्यावर छप्पर करायचं, आणि सकाळ-संध्याकाळ श्यामसुंदररावांनी बादल्या वाहायच्या. नळाला पाणी एक दिवसाआड. भांडी विसळलेलं पाणीसुद्धा त्या घरात वाया जात नव्हतं.

गवती चहा उन्हात वाळवला की त्याचा वास उडून जातो, उरतं ते नुसतं गवत. म्हणून ताराबाई वरच्या खोलीत, खिडक्या अर्ध्या लावून, खाटेवर सुती साडी पसरून पानं वाळवायच्या. तुळस वेगळी, पुदिना वेगळा. ज्येष्ठमध आणि सुंठ बड्या बाजारातल्या जडीबुटीवाल्या पंसाऱ्याकडची. सगळं जाडसर कुटून डब्यांत भरलं की श्यामसुंदरराव डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचे. आयुष्यभर ते कारखान्यात तपासणी विभागात होते. अक्षर छापल्यासारखं. 'साधा', 'खोकल्याचा', 'पोटाचा', आणि खाली तारीख.

करोनात शेजारच्या लीला तिवारीने सासूच्या घशासाठी मूठभर मागून नेला. आठवड्याभरात अर्धी गल्ली दारात उभी. कोणी रिकामी बरणी घेऊन, कोणी स्टीलची डबी. "तारा भाभी की चाय है क्या?" असं पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, तेव्हा ताराबाई आत येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "ऐकलंत का? माझं नाव घेतलं."

"मग? तुझंच नाव आहे ते," श्यामसुंदरराव म्हणाले. पण त्यांनाही कळलं होतं. त्या दिवसापासून चिठ्ठ्यांवर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात ते 'तारा' लिहायला लागले.

त्यानंतर दुसऱ्या वर्षी दिवाळी झाली आणि श्यामसुंदररावांचा घसा बसला.

झाशीत दिवाळीनंतर कोणाचा घसा बसत नाही? फटाक्यांचा धूर, मग धुकं, मग शेकोट्या. ताराबाईंनी खोकल्याच्या डब्यातला चहा सुरू केला. पंधरा दिवसांनी त्यात अडुळशाची पानं वाढवली. अडुळसा कडू, म्हणून गूळ. रोज संध्याकाळी दिवेलागणीला त्या पेला भरून नवऱ्यासमोर ठेवायच्या आणि तो संपेपर्यंत समोर बसायच्या.

"बरं वाटतंय ना?"

"वाटतंय की."

"कालच्यापेक्षा आवाज मोकळा आहे."

"हो, हो. मोकळा आहे."

त्यांची मुलगी तन्वी बंगळुरूला नोकरीला होती. झाशीत जन्मलेली, मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून हिंदीच निघायची. रविवारी फोनवर चेहरे दिसायचे. डिसेंबरात ती म्हणाली, "बाबा, आपकी आवाज़ अभी तक ऐसी है? आई, डॉक्टर को दिखाया क्या?"

"थंडीचा आहे गं. अडुळसा चालू केलाय, होईल बरं," ताराबाई म्हणाल्या.

लीलाही एकदा कुंपणावरून म्हणाली, "जिज्जी, भाई साहब को एक बार दिखा दो. बहुत दिन हो गए." ताराबाईंना ते लागलं. ज्या लीलाच्या सासूला आपल्या चहाने आराम पडला, ती आपल्याला डॉक्टर सांगते? त्यांनी त्या दिवशी पेल्यात अडुळसा दुप्पट टाकला.

फेब्रुवारीपर्यंत श्यामसुंदररावांचं जेवण अर्ध्यावर आलं. पोळी नको, भात मऊ कर, म्हणू लागले. दात दुखतोय असं सांगायचे. पट्टा दोन भोकं आत गेला. ताराबाईंना ते दिसत होतं आणि दिसत नव्हतं. माणूस रोज डोळ्यांसमोर असला की त्याचं झिजणं कळत नाही, असं त्या नंतर स्वतःला पुष्कळदा सांगायच्या. पण ते पूर्ण खरं नव्हतं, हेही त्यांना माहीत होतं.

होळीच्या आदल्या दिवशी त्या गुजियांसाठी खवा परतत होत्या. चहाचा पेला नेहमीप्रमाणे नवऱ्याला दिला होता, पण कढई सोडून समोर बसता आलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना मागचं अंगण दिसलं. श्यामसुंदरराव अडुळशाच्या रांगेजवळ उभे होते. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं, वाकले, आणि पेला मुळांशी हळूच रिकामा केला. मग कोपऱ्यातल्या बादलीतलं पाणी त्यावर ओतलं, ओल सारखी दिसावी म्हणून.

ताराबाई झारा हातात घेऊनच बाहेर गेल्या.

"हे काय? किती दिवस चाललंय हे? मी इथे पानं वेचते, निवडते, उकळते, आणि तुम्ही..."

श्यामसुंदरराव चोरी पकडलेल्या मुलासारखे उभे राहिले. काहीतरी बोलायला गेले तर आवाज फुटला नाही. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "गिळवत नाही गं, तारा."

"कडू लागतो का? गूळ वाढवते..."

"कडूचं नाही. पाणीसुद्धा गिळवत नाही."

आत खवा करपल्याचा वास आला. दोघांपैकी कोणीच हललं नाही.

दुसऱ्या दिवशी होळीमुळे सगळं बंद. तिसऱ्या दिवशी घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून आत पाहिलं आणि लगेच ग्वाल्हेरला जायला सांगितलं. ग्वाल्हेरला तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी तिथले डॉक्टर समोर कागद ठेवून बसले. मनुष्य सभ्य होता, हळू बोलणारा.

"तकलीफ़ कब से है?"

"दिवाली से," ताराबाई म्हणाल्या.

"चार महीने. तब से कोई दवा?"

"चाय दे रही थी. घर की. तुलसी, अडूसा..." पुढचं नाव त्यांना हिंदीत आठवेना.

 डॉक्टरांनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. ताराबाईंना वाटलं, ओरडला असता तर बरं झालं असतं.

गाठ पसरली होती. शस्त्रक्रियेची वेळ गेली होती. किरणांचा शेक देऊन पाहू, डॉक्टर म्हणाले. सात आठवडे.

तन्वी दुसऱ्याच दिवशी विमानाने दिल्लीला आणि तिथून गाडीने झाशीला आली. बाबांना पाहून तिने स्वतःला कसंबसं आवरलं, त्यांना झोपवलं, आणि पुढच्या खोलीत आली. तिथे लीला आणि तिचा नवरा विश्वंभर विचारपूस करायला आले होते. तन्वीने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चार महीने, आई! चार महीने तुम उनको चाय पिलाती रही! मैंने बोला था ना? हर संडे बोला था! तुम्हें बस अपनी चाय की पड़ी थी."

"बिटिया," विश्वंभर म्हणाले, "ऐसे नहीं बोलते."

 लीलाच्या हातात पाण्याचा पेला द्यायचा राहिला होता, तो ताराबाईंनी दिला.

सकाळी उठल्या त्या तडक खुरपी घेऊन मागे गेल्या. आधी पुदिना उपटला, मग पानओवा. आल्याचे कंद मातीसकट वर आले. तुळशीपाशी हात थांबला, तिला सोडून त्या पुढे गेल्या. गवती चहाचा गड्डा निघेना. वर्षानुवर्षांचं वजन असावं तसा बसला होता. त्याची पाती धारदार. बोटं कापली, रक्त आलं, तरी त्या ओढत राहिल्या. मग अडुळसा. त्याच्या फांद्या मोडताना त्या काहीतरी पुटपुटत होत्या.

श्यामसुंदरराव भिंतीला धरत धरत बाहेर आले. पालथ्या बादलीवर बसले.  मग त्यांनी हाताने जवळ बोलावलं. आवाज आता कुजबुजीएवढाच उरला होता. ताराबाईंना त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

"डिसेंबरात रक्त आलं होतं. थुंकीतून."

ताराबाईंनी मान वर केली.

"बेसिन धुऊन टाकायचो. तुला दिसू नये म्हणून." ते थांबले, श्वास घेतला. "मला कळलं होतं गं. तपासणीत आयुष्य गेलं माझं, लोखंडाला तडा गेला की आवाज बदलतो, एवढं मला कळत नाही? भ्यालो मी. डॉक्टरकडे गेलो की नाव कळणार. तू चहा देत होतीस तोवर तो नुसता घसा होता. तुझ्या चहाआड लपलो मी."

"खोटं," ताराबाई म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"नाही."

"खोटं बोलताय. चार महिने 'बरं वाटतंय' म्हणून खोटं बोललात, आताही तेच."

श्यामसुंदररावांनी त्यांचा कापलेला हात धरला आणि आपल्या धोतराच्या सोग्याने बोटं पुसत राहिले.  

हेच त्यांनी दुपारी तन्वीला कागदावर लिहून दाखवलं. तन्वीने कागद वाचला. तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. मग तिने तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि उठून गेली. आईशी ती त्यावर एक अक्षर बोलली नाही. ताराबाईंना वाटलं, हिचाही विश्वास बसला नाही.

सात आठवडे ग्वाल्हेरला एका खोलीत काढले. शेकाने मान करपली, तोंड आलं, जिभेची चव गेली. शेवटी नाकातून नळी घातली. ताराबाई त्या नळीतून वरणाचं पाणी, दूध, डाळिंबाचा रस घालायला शिकल्या. नळीतून घालताना विचारायचं काही नव्हतं. तरी सवयीने एकदा त्यांच्या तोंडून "बरं वाटतंय ना?" निघालं, आणि त्या स्वतःच दचकल्या. श्यामसुंदररावांनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

गणपती उठले आणि पितृपंधरवडा लागायच्या आत ते गेले. घरी गेले, दुपारी, ताराबाई टॉवेल भिजवून कपाळ पुसत असताना. आशुतोष, त्यांचा पुतण्या, यवतमाळहून येऊन दिवस करून गेला. तन्वी तेरा दिवस राहिली. "आई, चलो मेरे साथ," ती दोनदा म्हणाली. आग्रह करण्यासारखं म्हणाली नाही, आणि ताराबाईंनी नाही म्हटलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी झालं. ते ताराबाईंनी पाहिलं.

मागच्या तुकड्यावर पावसाळ्यात रान माजलं होतं. ताराबाई तिकडे जात नसत. तुळशीला पाणी लीला कुंपणावरून घालायची. वरच्या खोलीत डबे होते तसेच ओळीने उभे होते, त्यांवर ते अक्षर. फेकवत नव्हते आणि उघडवतही नव्हते.

गल्लीतलं कोणी आता चहा मागायला येत नसे. शोक असलेल्या घरात काय मागायचं, एवढाच त्यांचा विचार असेल. पण ताराबाईंना वाटायचं, सगळ्यांना माहीत आहे.

डिसेंबरात विश्वंभर तिवारी आले. मफलर गुंडाळलेला, आवाज बसलेला.

"भाभीजी, आपकी वो खाँसी वाली चाय थोड़ी बची हो तो..."

"कब से है?" ताराबाईंनी विचारलं.

"यही कोई पंद्रह-बीस दिन."

ताराबाईंनी आत जाऊन चपला घातल्या, शाल घेतली. "चलिए. अभी. लीला को भी बुलाइए."

विश्वंभर 'नहीं नहीं' करत राहिले, पण ताराबाईंचा चेहरा पाहून लीलाने रिक्षा थांबवली. तेच घशाचे डॉक्टर, तीच नळी. ताराबाई बाहेर बाकावर बसून राहिल्या. अर्ध्या तासाने विश्वंभर हसत बाहेर आले. "कुछ नहीं निकला भाभीजी! सूजन है, बस. पाँच दिन की गोली. आपने तो डरा ही दिया था!" लीलाने ताराबाईंचे दोन्ही हात धरले. ताराबाई म्हणाल्या, "अच्छा हुआ. बहुत अच्छा हुआ." आणि घरी येऊन, दार लावून, शाल अंगावरच ठेवून रडल्या. त्यांना आनंद झाला होता, हे खरं होतं. आणि आमच्या ह्यांचाच का नाही निघाला नुसता सुजलेला घसा, हेही मनात आलं होतं. त्याची त्यांना लाज वाटत होती.

त्या रविवारी दुपारी तन्वीचा फोन आला, नुसता आवाजाचा. आता तसेच यायचे. काय बोलावं हे दोघींना सुचत नसे, म्हणून ताराबाईंनी विश्वंभरांची हकीकत सांगितली. पलीकडून हुंकारही येईना.

"तन्वी? आहेस ना?"

"आई, एक बात बोलनी है." मग ती थांबली, आणि मोडक्या मराठीत, शब्द शोधत बोलू लागली. "जानेवारीत बाबांनी मला फोन केला होता. ऑफिसच्या टायमाला. म्हणाले, थुंकी में खून आता है. मी म्हटलं लगेच दाखवा. चार दिवसांनी मी विचारलं, तर म्हणाले दाखवलं, काही नाही, आईला सांगू नको, वह घबराएगी. और मैंने मान लिया. काम चल रहा था, आई. मैंने पर्ची तक नहीं माँगी. मान लिया."

ताराबाई पलंगाच्या कडेवर बसल्या.

"फिर मैंने तुमको वो सब बोला. तिवारी अंकल के सामने. मुझे पता था, फिर भी बोला. मला पता होतं म्हणूनच बोलले."

ताराबाईंच्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की म्हणजे बादलीवर बसून ते सांगत होते ते खरंच होतं. इतके महिने त्यांनी ते खोटं मानलं होतं. मरणाच्या दारातल्या माणसाने बायकोसाठी रचलेलं एक शेवटचं खोटं. ते त्यांनी मनात जपून ठेवलं होतं. आता तेही गेलं. उरला एक घाबरलेला माणूस, जो बेसिन धूत होता आणि ज्याने सांगायला बायको सोडून हजार मैलांवरची मुलगी निवडली.

मला का नाही सांगितलं? हा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला, आणि तिथेच त्यांना त्याचं उत्तरही मिळालं. रोज संध्याकाळी समोर बसून आपण विचारत होतो, 'बरं वाटतंय ना?' त्याला एकच उत्तर देता येत होतं. दुसरं आपण ऐकलं असतं का?

"आई, कुछ तो बोलो," तन्वी रडत होती. "मला तसं बोलायला नको होतं."

"नको होतं," ताराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला, कोरडा. "लोकांसमोर बोललीस. मी आठ महिने ते घेऊन बसले आहे. मला राग आहे तुझा, तन्वी. खूप आहे."

"हाँ."

"आणि मीही चुकले. ते तू म्हटलंस म्हणून नाही. चुकलेच."

पलीकडे नुसतं मुसमुसणं. ताराबाईंना आठवलं, लहानपणी ही अशीच रडायची, उचकी लागेपर्यंत, मग तिला ताप यायचा. राग होता तिथेच होता. पण त्याच्या शेजारी हेही होतं.

"बास आता. ऊठ. तोंड धू जा गार पाण्याने."

"तुम फ़ोन रख दोगी."

"नाही ठेवत. जा तू."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, मग पावलं, मग बंगळुरूच्या त्या घरातला नळ सुरू झाल्याचा. ताराबाई फोन कानाशी घट्ट धरून बसून राहिल्या.